मामा चहा घेत नाहीत

डॉक्टर म्हणाले, "चहा कमी करा." मी सोडला.

कमी करणं हा प्रकार मला मुळातच पटत नाही. ‘यांनी सिगारेटी दिवसाला दहावरून सहावर आणल्या’ म्हणून कुणाला शाल-श्रीफळ मिळाल्याचं ऐकिवात नाही. राज्य सोडून वनात गेलेल्या राजांच्या गोष्टी आजी सांगायची. राज्य थोडंसं कमी केलेल्या राजाची एकही गोष्ट तिला येत नव्हती. सोडण्यात तेज आहे. कमी करण्यात नुसता हिशेब आहे, आणि हिशेबात मी लहानपणापासून कच्चा.

तक्रार तशी किरकोळ होती. जेवणानंतर छातीत जळजळ आणि रात्री दोनला टक्क जाग. डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचा चहा किती वाजता घेता?" मी म्हटलं, "घरचा की बाहेरचा?" त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं, की पोटात गेलेलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातला निम्मा ऐवज रात्री अकराला, मी दिवा मालवतो तेव्हाही, अंगात जागाच असतो. "पण एकदम तोडू नका," ते म्हणाले. "दोन-तीन आठवडे घ्या. आधी एक कप कमी, मग दुसरा. नाहीतर त्रास होईल." मी मान डोलावली. ‘त्रास होईल’ हे शब्द कानावर पडले तेव्हाच माझं ठरलं होतं. त्रासाशिवाय त्यागाला वजन कुठलं?

घरी येऊन आधी माझ्या चहांची मोजदाद झाली. ती बायकोने केली. उठल्याचा, पेपरचा, आंघोळीनंतरचा, कुणी आलं म्हणून, आलेलं गेलं म्हणून, पाऊस लागला म्हणून, आणि ‘उरलाय, टाकवत नाही’ म्हणून. ऑफिसातले आणि टपरीवरचे कटिंग या यादीत नव्हते. ते तिच्या कार्यक्षेत्राबाहेर होते. एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन धरतात. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन निरोगी माणसाला दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅमपर्यंत सूट देतं. माझी सूट दुपारी तीनच्या सुमारास संपत होती आणि खरा दिवस तर त्यानंतर सुरू होत होता. त्यात आमच्याकडची पत्ती सीटीसी. १९३० च्या सुमाराला आसामच्या मळ्यात आलेल्या यंत्राची ही करामत : पान आधी चिरडायचं, मग फाडायचं, मग वळवायचं. दाणेदार, कडक, रंगाला पक्की. त्या पानाचं जे होतं ते लवकरच माझं होणार आहे, हे तेव्हा डब्यावर वाचून लक्षात यायला हवं होतं, असं बायको म्हणते.

गुरुवारी सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर मी जाहीर केलं : "आजपासून चहा कायमचा बंद. आपले आशीर्वाद असू द्यावेत." एका आत्याने ‘कायमचा’ एवढंच वाचून घाईत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं आणि मग खोडलं. तिघांनी हात जोडले. मेहुण्याने अंगठा दाखवला. तो वरचा होता असं मी धरून चाललो. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचपासून त्याच ग्रुपवर नेहमीप्रमाणे ‘शुभ सकाळ’ची चित्रं यायला लागली. सूर्य, गुलाब, सुविचार आणि वाफाळता कप. माझ्या नातेवाइकांकडे चहाच्या कपाशिवाय एकही सकाळ साठवलेली नाही, हा शोध मला त्या दिवशी लागला.

तयारी म्हणून मी भरपूर वाचून ठेवलं होतं. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत त्रास सुरू होतो, २० ते ५१ तासांच्या दरम्यान कळसाला जातो आणि २ ते ९ दिवस राहतो. हे ५१ वाचून मला विशेष धीर आला. पन्नासवर एक ठेवून आम्हीसुद्धा वर्गणीची पावती फाडतो. शास्त्रज्ञांनी आकडा शुभ केलाय म्हटल्यावर शेवट गोड होणार, याबद्दल शंका उरली नाही.

डोकं दुखायला लागलं ते बरोबर वेळापत्रकानुसार. आधी डोळ्यांच्या मागे, मग कपाळावर, मग सगळीकडेच. कारण मला पाठ होतं आणि ते मी कण्हत कण्हत मुलाला सांगितलं. मेंदूत दिवसभर अडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो. तो ठरलेल्या आसनांवर जाऊन बसला की माणसाला पेंग येते. कॅफीन काय करतं, तर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी ती आसनं आधीच धरून ठेवतं. अडेनोसिन उभंच्या उभं, आणि आपण ताजेतवाने. मेंदूही वस्ताद. रोज गर्दी तुंबते म्हटल्यावर तो गाडीला आणखी बाकं जोडतो. मग एक दिवस रुमालवाला येतच नाही. सगळी बाकं मोकळी, सगळे उतारू एकदम आत. त्यात डोक्यातल्या रक्तवाहिन्या कॅफीनमुळे आवळलेल्या असतात, त्या सैल होतात आणि ठणका सुरू होतो. मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, मग तुम्ही आत्ता गाडीत आहात की गाडी तुमच्यावरून गेलीय?"

डोकेदुखीचं मी समजू शकतो. पण सकाळचं एक अत्यंत खासगी काम चहाच्या घोटावर अवलंबून होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. कोमट पाणी झालं, लिंबू झालं, फेऱ्या झाल्या. आमच्या घरात न्हाणीघराबाहेर रांग लागली आणि आतून मी तत्त्वज्ञानाशिवाय काही देऊ शकलो नाही.

आईला हे सगळं अनाकलनीय होतं. ती म्हणाली, "अरे, एकादशीला चहा चालतो, संकष्टीला चालतो, माझ्या निर्जळी हरतालकेच्या दुसऱ्या दिवशी आधी चहाच लागतो. देवाला चालतं ते तुला का चालत नाही?" मी तिला सांगितलं, की अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या ग्रंथात कॅफीन सुटल्यावरच्या त्रासाची रीतसर विकार म्हणून नोंद केली आहे, तेव्हा मला होतंय ते नखरे नव्हेत. आई क्षणभर गप्प झाली. मग आत जाऊन बायकोला म्हणाली, "त्याला मनाचं काहीतरी झालंय म्हणतो. अमेरिकेत सापडलंय."

अशा अवस्थेत सोसायटीची सभा आली. मी गेली कित्येक वर्षं सोसायटीचा सचिव. विषय दोनच होते : टाकी धुणे आणि पाहुण्यांच्या दुचाकी. एरवी हे दोन्ही मी कटिंगच्या अवधीत संपवतो. त्या दिवशी अध्यक्ष प्रास्ताविक करत असताना मला जांभया आवरेनात. जांभई संसर्गजन्य असते; तिसऱ्या मजल्यापर्यंतचे सभासद आ वासून बसले. अध्यक्षांना तो अविश्वासाचा ठराव वाटला. मग दुचाकींच्या विषयावर कुणीतरी एवढंच म्हणालं, की "सचिवांनी यात लक्ष घालावं." चिडचिड हे ग्रंथात नोंदलेलं लक्षण आहे. मी उठून उभा राहिलो आणि लक्ष, वेळ, रात्री अकराला पाण्याची मोटर, पहिल्या मजल्यावरचं कुत्रं आणि या इमारतीतली एकूण माणुसकी यांवर बोललो. शेवटी म्हणालो, "नको असेन तर आत्ता राजीनामा देतो!"

हे वाक्य मी दर वर्षी म्हणतो. त्यानंतर सगळे "अहो बसा, बसा" म्हणतात, चहा येतो आणि कामकाज पुढे सरकतं. पण माझ्या सन्मानार्थ त्या सभेत चहा ठेवलाच नव्हता. त्यामुळे मधला वेळ भरायला काही नव्हतं, आणि तेवढ्यात कुणीतरी अनुमोदन दिलं. राजीनामा एकमताने मंजूर झाला. इतिवृत्त मीच लिहीत असल्यामुळे ‘टाळ्यांच्या गजरात’ हे शब्दही मलाच लिहावे लागले.

घरी आलो तेव्हा डोकं फुटायच्या बेताला आलं होतं. आईच्या पत्र्याच्या डब्यात डोकेदुखीच्या गोळ्या असतात. एक घेतली. अर्ध्या तासात ढग पांगले. पंख्याचा आवाज सुरेल वाटू लागला, पहिल्या मजल्यावरचं कुत्रंही मनाने बरं आहे असं वाटलं. मी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की कळस गाठून झाला, शरीराने चहावर मात केली, आता मागे वळून पाहणे नाही. मुलगा गोळीची पट्टी उलटसुलट करत होता. "बाबा, यात पॅरासिटामॉलच्या खाली कॅफीन लिहिलंय."

डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांमध्ये ते घालतात, कारण त्याने वेदनाशामकाचा गुण वाढतो. म्हणजे ज्याला मी पुढच्या दाराने हाकललं त्याला मागच्या दाराने पाणी देऊन आत घेतलं होतं. मी म्हटलं, "औषध उपासाला चालतं." आईने लगेच होकार दिला, उपासाच्या कायद्यात तिचा हात धरणारं आमच्या घराण्यात कुणी नाही. त्या आधारावर मी आणखी एक गोळी दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली, चहाच्या वेळेला, बशीत ठेवून. तेव्हा बायकोने डबा कपाटात टाकून किल्ली कमरेला लावली.

मग पर्याय सुरू झाले. ग्रीन टी आणला. तोही त्याच झाडाच्या पानांचा आणि त्यातही कॅफीन आहेच. कॅफीन काढलेली कॉफी आणली. काढलं तरी चिमूटभर राहतंच. मुलाने आपलं चॉकलेट माझ्यापासून लपवलं ते कोकोत कॅफीन असतं या शास्त्रीय कारणासाठी, असं तो म्हणाला. शेवटी आईने आलं, वेलदोडा, गवती चहाची पात, दूध आणि साखर एकत्र उकळून दिलं. सगळं होतं, पत्ती तेवढी नव्हती. कप हातात घेतला, फुंकर मारली, घोट घेतला. वरपिता घरी आलाय आणि वर विसरलाय, अशी ती चव होती.

कामावरून येताना वाट बदलली. नेहमीच्या रस्त्यावर अमृततुल्य आहे. खलबत्त्यात आलं-वेलदोडा कुटल्याची ती टणटण ऐकू आली की पाय आपोआप वळतात. दुसऱ्या रस्त्याने गेलो तर तिथे दोन अमृततुल्य. तिसऱ्या रस्त्याला पुतळा होता, त्याच्या पायथ्याशी टपरी. पुण्यात चहा न लागता घरी पोहोचायचा रस्ता नदीपात्रातून जातो आणि पावसाळ्यात तोही बंद असतो.

अशा वेळी इतिहास धीर देतो. १८९० साली याच पुण्यात, पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावात वणवा पेटला. मिशनऱ्यांच्या घरचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, आणि रानड्यांना अखेर प्रायश्चित्त घ्यावं लागलं. हे वाचताना माझी छाती भरून आली. पुण्याने एके काळी चहा घेतल्याबद्दल प्रायश्चित्त दिलं. तेच पुणं आज मला चहा न घेतल्याबद्दल देत होतं. ग्रामण्याची परंपरा अखंड आहे, कलम तेवढं बदललंय. हे मी ऑफिसात तीन टेबलांना सांगितलं. चौथं टेबल मी यायच्या आत चहाला गेलं होतं.

आणि एक दिवस उठलो तर डोकं दुखत नव्हतं. पुस्तकात सांगितल्या मुदतीत सगळं ओसरलं होतं. झोप रात्रभर सलग, जळजळ गायब, न्हाणीघरातली वाटाघाटही मार्गी लागली. मी जिंकलो होतो. पण विजयाची एक अडचण असते : डोकं दुखत होतं तोवर निदान विषय तरी होता. आता कुणी "कसं वाटतंय?" विचारीना. म्हणून मग न विचारता सांगायची वेळ आली.

त्याच आठवड्यात ताईचा फोन. भाच्यासाठी मुलगी बघायला जायचं होतं, मामा म्हणून मी हवाच. मुलीचे वडील निवृत्त, हौशी. आल्या आल्या म्हणाले, "आमच्याकडे पोहे हिच्या हातचे आणि चहा माझ्या हातचा. मुलीला ट्रे घेऊन यायला लावायचा जमाना गेला." मुलगी समोर बसून भाच्याला घराच्या हप्त्यांबद्दल खोदून विचारत होती आणि भाचा घामाघूम होत होता. सगळं मनासारखं चाललं होतं. वडील ट्रे घेऊन आले. पहिला कप माझ्यापुढे धरला.

"घ्या, मामा."

"नको. मी चहा घेत नाही."

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं, असं ताईचं मत आहे. पण खोलीतल्या सगळ्यांच्या हातात गरम कप होते, कुणी उठून जाऊ शकत नव्हतं. असा श्रोतृवर्ग मला कित्येक दिवसांत मिळाला नव्हता. मी अडेनोसिनपासून सुरुवात केली. दिवसाला अवघं १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यालाही सोडताना त्रास होऊ शकतो, हे सांगितलं. जेवणाबरोबरच्या चहाने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, हे सांगताना मुलीच्या आजीकडे पाहिलं. तिने कप खाली ठेवला. मग हळूहळू सगळ्यांनीच ठेवले.

"मग कॉफी करू?" मुलीच्या आईने विचारलं.

"कॉफीत तर जास्त."

"कोला आणायला पाठवू?"

"त्यातही असतं."

"दूध?"

"संध्याकाळचं पचत नाही."

वडील ट्रे घेऊन तसेच उभे होते. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता भाच्याच्या बाबांना विचारलं, "आपलं काही वेगळं मत असेल तर मोकळेपणाने सांगा."

रात्री ताई फोनवर होती. "दादा, त्यांचा निरोप आलाय. ‘मामांना स्थळ पसंत नसावं, आमच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही,’ असं म्हणताहेत. आता तुझं ते अमेरिकेतलं दुखणं आहे ना, ते तू उद्या सकाळी बरं कर. आणि त्यांच्याकडे जाऊन दोन कप पिऊन ये."

मी गेलो. भाच्याच्या संसारासाठी गेलो, हे इथे स्पष्ट नमूद करतो. त्यांनी काही न बोलता पातेलं चढवलं आणि मी काही न बोलता प्यायलो. सवय मोडलेल्या अंगाला एक कपही भारी पडतो; त्या दोन कपांनी माझे कान गरम झाले, छाती धडधडू लागली, आणि स्थळ किती उत्तम आहे यावर मी इतका वेळ बोललो, की त्यांनी लग्न लगेच ठरवून टाकलं.

तेव्हापासून दिवसाला दोनच घेतो. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी नाही. डॉक्टरांच्या मनातला आकडाही बहुधा हाच असेल, पण मी तिथे माझ्या रस्त्याने पोहोचलोय.

अडचण एवढीच, की हे दोन मिळत नाहीत. डोकेदुखी नऊ दिवसांत जाते. कीर्तीला उतार नाही. ऑफिसात चहावाला पोऱ्या माझ्या टेबलाला वळसा घालून जातो आणि जाताना आदराने मान झुकवतो. टपरीवाल्याला "एक कटिंग" म्हटलं तर तो हसून म्हणतो, "साहेब, गंमत करता का?" नातेवाइकांनी तर माझ्यासाठी खास सोय केलीय. जाईन तिथे कोकम सरबत. साखरपुड्याला दीडशे माणसं चहा पीत होती आणि मुलीचे वडील, गैरसमज उरू नये म्हणून, ग्लास हातात धरून स्वतः माझ्यापर्यंत चालत आले. "मामांसाठी गवती चहाचा काढा. पत्तीचा कणसुद्धा नाही!" दीडशे माणसांनी कौतुकाने पाहिलं. मी प्यायलो.

गेल्या महिन्यात सोसायटीला पत्र लिहिलं. सदर राजीनामा हा सन २०१३ पासून वैद्यकीय ग्रंथात नोंद असलेल्या विकाराच्या अमलाखाली दिलेला असल्याने ग्राह्य धरू नये, अशी विनंती केली. नव्या सचिवांचं उत्तर पाटीवर लागलं आहे :

"आपले पत्र मिळाले. विषय पुढील सर्वसाधारण सभेत चहापानानंतर घेण्यात येईल. ता. क. : चहापानाची वर्गणी रुपये ५१ प्रत्येक सभासदाकडून घेण्याचे ठरले आहे. आपण चहा घेत नसल्याचे समितीस ज्ञात असल्याने आपला कप धरलेला नाही. वर्गणी धरली आहे."